घटनेतली गाळलेली जागा

या, सरकून जवळ बसा, श्रोते हो. दोन भांडखोर माणसांची एक गोड गोष्ट सांगायची आहे.

त्या दिवशी न्यायालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. किनाऱ्याच्या राज्याला संघराज्यातून बाहेर पडायचं होतं. तसा हक्क आहे का, एवढाच प्रश्न. आणि घटनेत त्यावर अवाक्षर नव्हतं. घटना करणाऱ्यांपैकी एकट्या आत्याच उरलेल्या. राज्याचा वकील त्यांचा भाचा. "आत्या, तू एवढंच म्हण," त्यानं बजावलं होतं, "की जायची वाट मोकळी राहावी म्हणूनच तुम्ही गप्प राहिलात." त्या तसं म्हणाल्या, की राज्य सुटलंच.

आत्या बाकावर बसल्या होत्या, पण मन घटना लिहिली त्या जुन्या सभागृहात जाऊन बसलं होतं. डुगडुगत्या खुर्च्या, मिळून सगळ्यांना एकच पंखा. इकडे किनाऱ्यातर्फे आत्या, समोर पठाराच्या राज्याचे मास्तर. आत्यांना बाहेर पडायचा हक्क लिहून हवा होता, मास्तरांना कायमची बंदी.

"ताई, लग्नाआधीच काडीमोडाचं बोलताय," मास्तर म्हणायचे.

"बोलणारच. म्हणजे नांदवाल तरी नीट."

सभागृह हसायचं, आणि मास्तर हळूच पंखा आत्यांकडे वळवायचे.

पण भांडण काही मिटेना. सगळंच मोडायच्या बेताला आलं. शेवटच्या सकाळी आत्यांचं मन विरघळलं. टायपिस्ट बाईंना गाठून त्यांनी आपलं कलम गुपचूप काढायला लावलं. दुपारी सह्यांसाठी कागद समोर आले, तर मास्तरांचंही कलम नाही! बाईंच्या हातून गळलं, असं आत्यांनी धरलं. चूक आपल्या फायद्याची. त्या बोलल्या नाहीत. नवल म्हणजे मास्तरही बोलले नाहीत. पुढे ते देवाघरी गेले.

आज संघराज्याच्या वकिलानं त्याच बाईंना साक्षीला आणलं होतं. केस कापसासारखे, आवाज मात्र खणखणीत.

"बंदीचं कलम तुमच्याकडून टाइप करायचं राहिलं ना, बाई?"

"माझ्याकडून? काहीतरीच काय! ताईंच्या आधी मास्तर येऊन गेले होते. म्हणाले, माझं कलम काढा, नाहीतर ताई उठून जातील. आणि त्यांना सांगू नका, उगाच ओशाळतील."

आत्यांना बसल्या जागी भरून आलं. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं.

"जायचा हक्क आहे की नाही?" न्यायाधीशांनी विचारलं. भाचा टक लावून बघत होता.

"जायचा हक्क मी सोडला होता, साहेब. अडवायचा हक्क मास्तरांनी सोडला. तेव्हा आम्हाला न विचारता उठून जाता येणार नाही. आणि आम्ही विचारायला गेलो, तर पठाराला दार लावून घेता येणार नाही."

"आत्या, केस घालवलीस," भाचा पुटपुटला.

"घालवली. आता पठाराकडे जा आणि समोर बसून बोल. मी आयुष्यभर त्या माणसाशी भांडले, पण त्याच्या मनात काय आहे, ते एकदाही विचारलं नाही."

श्रोते हो, ती राज्यं पुढे एकत्र नांदली की वेगळी झाली, ते विसरलात तरी चालेल. मास्तरांना तेवढं लक्षात ठेवा.