भुंग्याच्या पाठीवरचं कापड

माझी लेक रानात किड्यांचे फोटो काढते. लोक हसतात. हसू देत, त्यांना घरातलं झुरळ बघून किंकाळी फुटते. ती पालथी झोपून बटण दाबते आणि भुंग्याच्या पाठीवर ऊन चमकू नये म्हणून मी वर पांढरं कापड ताणून धरते.

आज तिनं तिथंच फोटो मोठा करून बघितला. भुंग्याची काळी पाठ म्हणजे आरसाच. त्यात आम्ही दोघी होतो. पण लेक उताणी पडली होती, डोळे मिटून, आणि मी कापड तिच्या छातीपर्यंत ओढत होते.

"आई, हे काय गं?"

"मला काय विचारतेस? माझे हात वरच होते."

दुसऱ्या फोटोत कापड हनुवटीपर्यंत आलं होतं. मी ते झुडपात भिरकावलं. "ऊठ, घरी चल."

"थांब गं, कापडाशिवाय एक काढून बघते." हट्टी, माझ्यावरच गेलीय.

तिनं बटण दाबलं. फोटो बघितला आणि कॅमेरा छातीशी धरला.

"काय दिसलं?"

"काही नाही." भर उन्हात तिचे दात वाजत होते. "आई, थंडी वाजतेय. अंगावर काहीतरी घाल ना."