एक तरी गुण

व्यसन सोडायला आलेल्या माणसाची तक्रार करण्याआधी घरच्यांनी त्याचा एक तरी गुण सांगायचा, असा समुपदेशक बाईंचा नियमच होता. त्या गुणाला धरूनच त्या माणसाला पुन्हा उभं करायच्या.

"गुण? दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही!" सुतारकाम करणारे वडील मुलासमोरच फटकन बोलले. मुलगा मान खाली घालून हसला. बाईंनी वडिलांच्या हातात कोरा कागद ठेवला. "सवडीनं लिहा. पण वाचायचं त्याच्यासमोर."

पुढचे तीन आठवडे मुलगा एकटाच आला. निघताना दर वेळी दारात घुटमळायचा. "बाबांनी कागद पाठवला का हो?"

चौथ्या आठवड्यात तो गेल्याचा फोन आला.

महिन्याभरानं वडील आले. मुलाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले, चष्मा पुसला आणि वाचू लागले. "लाकडातली गाठ नुसत्या बोटांनी ओळखायचा. कितीही प्यायलेला असला तरी आईची गोळी कधी चुकवली नाही..."

कागद उलटला. मागची बाजूही काठोकाठ भरली होती. तीही वाचून झाली.

"बाई," ते म्हणाले, "अजून एक कागद मिळेल का?"