भोंग्याचा घसा

“तोंड उघडा. जीभ वर करा.”

त्याने मुकाट्याने जीभ वर केली. गोळी गिळलेली होती. तरी तिने दोन्ही गालांच्या आत नजर फिरवलीच. फळबाजारात लिलाव पुकारून पुकारून ज्याचं नावच भोंगा पडलं होतं, तो तिचा नवरा शाळकरी पोरासारखा आ वासून उभा होता.

“झालं समाधान?”

“आकडा खाली आला की होईल.” तिने घशाच्या काढ्याचा थर्मास त्याच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

आकडा काही खाली येत नव्हता. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. रक्तदाब आपला तिथेच ठाण मांडून. डॉक्टरांनी गेल्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं, “असंच राहिलं तर मेंदू, हृदय, मूत्रपिंड, कशावरही बेतेल. तीन-तीन औषधांनी उतरत नाही, म्हणजे बहुधा गोळ्या चुकतात, नाहीतर मीठ जास्त जातं. तुम्ही जरा लक्ष ठेवा.”

लक्ष? तिने डोळ्यांत तेल घातलं. याच दुखण्याने थोरल्या दिरांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. त्यांना घास भरवताना जाऊबाई तोंड फिरवून डोळे पुसायच्या. तिला ते नको होतं. काही झालं तरी नको होतं. म्हणून तिने मिठाचा डबा कुलपात घातला. त्याच्या शर्टाचे खिसे उलटे केले, हातांचे वास घेतले. काहीच सापडेना, तसा संशय आणखी वाढला. इतका साळसूद माणूस असतो का कुठे? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकदा ती थेट बाजारात गेली आणि पेट्यांच्या थप्पीआड दबा धरून बसली. हमालांनी खारे दाणे पुढे केले, तर त्याने हात जोडले. थर्मासातले दोन घोट घेतले, घसा खाकरला आणि पुन्हा पुकारा सुरू केला. तेवढ्यात मागून एक हमाल ओरडला, “काय वहिनी, भोंग्याला पकडायला आलात?” सगळा बाजार हसला. तोही हसला आणि त्याने पुढचा पुकारा सुरू केला.

“आजवर तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही गं,” घरी आल्यावर चपला काढताना तो म्हणाला.

“सगळे असंच म्हणतात. एक दिवस पकडीनच.”

आज ती त्याला बाजारातून परस्पर दवाखान्यात घेऊन आली होती. डॉक्टर रक्ताच्या तपासणीचा कागद पुन्हा पुन्हा बघत होते.

“पोटॅशियम फारच खाली गेलंय. गोळ्या चुकवून असं होत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “ज्येष्ठमध घेता का हो? काढ्यात, चघळायला, कसंही? रोज पोटात गेलं तर कुणाकुणाचा रक्तदाब असा चढतो, की औषधं हात टेकतात.”

तिच्या मांडीवरच्या पिशवीत रिकामा थर्मास होता. ज्येष्ठमधाच्या कांड्या ती रोज सकाळी स्वतः कुटायची, स्वतः उकळायची. आधी कपभर द्यायची. त्याचा घसा जास्त बसायला लागला, तसा थर्मास भरून द्यायला लागली. सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, पण तो आधी बोलला.

“घेतो,” तो म्हणाला.

“एवढं रोज कोण देतं तुम्हाला?”

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. “कोण देणार? मीच घेतो, बाजारात विकत. हिला बिचारीला पत्तासुद्धा नाही.”

अखेर तिने त्याचं खोटं पकडलं.