कोरी चटई

प्रार्थनामंडळात ज्याची चटई गुडघ्यांपाशी सगळ्यांत जास्त झिजलेली, त्याला पहिल्या रांगेतला मान. सुताराने आपली चटई काचपेपरने घासून तो केव्हाच पटकावला होता. बायको मात्र कोरी करकरीत चटई घेऊन मागे बसायची. “चारचौघांत माझी लाज तरी राख,” तो म्हणायचा. ती नुसती हसायची. ती वारल्यापासून रोज पहाटे तिच्या खोलीत जमिनीची फळी कुरकुरायची. आज धीर करून त्याने तिथे अंथरलेली तिची चटई उचलली. खाली त्याच फळीत गुडघ्यांएवढे दोन गुळगुळीत खळगे होते. एवढं लाकूड झिजायला किती वर्षं लागतात, हे सुताराला कोणी सांगायला नको. तेवढ्यात मंडळाची माणसं आली. “मिस्त्री, तुमची चटई द्या. सभागृहात फ्रेम करून लावायचीय.” त्याने आपलीच चटई दिली. आतली फळी कुरकुरली. “घरात कोण आहे?” “कोणी नाही.”