परत आलेला गहू

गव्हाची पोती घेऊन गेलेला ट्रॅक्टर भरलेलाच परत आला.

दीपकने ओसरीवरून पाहिलं आणि हातातला मोबाइल खाटेवर आपटला. "पाह्य ताई! आपला गहू चालत नाही त्यांले. साऱ्या अमडापुरात असा गहू दाखव म्हना कोनाचा."

प्रेरणा बॅग भरता भरता बाहेर आली. आदल्या दिवशीच आईची तेरवी झाली होती. संध्याकाळच्या गाडीने तिला देऊळगाव राजाला परतायचं होतं.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. चांगुणाबाईनं ड्रायव्हरपुढं हात जोडले म्हने, अन् आत निघून गेली. मी तं पाटीबी रंगवाले टाकली होती. कैलासवासी आशाबाई वामनराव यांच्या स्मरणार्थ."

बुद्धविहाराशेजारच्या समाजमंदिरात चांगुणाबाई आणि गल्लीतल्या बाया रोज रांधायच्या. गावात ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती त्यांना डबा जायचा. चालता येणारे तिथेच पंगतीला बसायचे. वडील गेल्यापासून आई रोज सकाळी तिकडे जायची ती दिवेलागणीलाच परतायची. या एका गोष्टीचा प्रेरणाला फार अभिमान होता. फोनवर आई दुसरं काही सांगायचीच नाही. आज मुगाचं वरण होतं, आज भाकरी मऊ झाल्या होत्या, आज मयुरीनं ठेच्यात मीठच टाकलं नाही. घरचं विचारलं की म्हणायची, "घरी काय कमी हाये?"

"जुनं काढलं असंन त्यायनं," दीपक म्हणाला. "आजोबानं त्यायले विहिरीवर पानी भरू देल्लं नव्हतं ना. आईनं कधी काही पाळलं नाही, तिकडचंच होऊन राह्यली होती. पन लोक इसरत नाहीत."

"झिजल्या हो त्या कामात," दीपकची बायको पूनम म्हणाली. "सोताकडे लक्षच नव्हतं." मांजर शिरतं म्हणून तिने स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचून पडायला गेली.

झिजली होती हे खरंच. शेवटची आंघोळ घालताना आईला कुशीवर वळवायला प्रेरणाचा एक हात पुरला होता.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

आईच्या आजारपणात तिला येता आलं नव्हतं. आईसाठी आता करण्यासारखं एवढंच उरलं होतं. जिथे आईचा जीव रमला, तिथे तिच्या नावाचं काहीतरी राहावं.

समाजमंदिराच्या पायऱ्यांवर गोजरबाई भेटली, हातात सूपभर तूर घेऊन. गल्लीच्या टोकाला एकटीच राहणारी म्हातारी.

"तुमचा गहू काय अन् माही तूर काय, सारखंच," ती बोळकं पसरून हसली. "घेतच नाही ना बाई! लय अकड हाये चांगुणाले."

आत मोठ्या पातेल्यात वरण रटरटत होतं. प्रेरणाला पाहून भाकरी थापणाऱ्या मयुरीचा हात थांबला. चांगुणाबाईंनी पदराला हात पुसले आणि चटई टाकली.

"बस पोरी. च्या घेशीन?"

"नको मावशी. आई कुठे बसायची?"

"थे खिडकीजवळ. भिताडाले टेकून. काही करू नको म्हटलं तरी लसून सोलत बसे. हात रिकामा ठेवाची लाज वाटे तिले."

"मी आले की मात्र ती इकडे यायची नाही."

"नाही येत जाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "तू हाये तवर नाही येत जाय."

प्रेरणाला भरून आलं. तेवढे दिवस आई तिच्यासोबत पाटावर बसून दोन-दोनदा भात मागून घ्यायची. तू आली की आईले भूक लागते, असं दीपक हसून म्हणायचा.

"मावशी, आजोबांनी जे केलं ते वाईटच होतं. त्यांच्या वतीने मी माफी मागते. पण तो राग आईवर काढू नका."

"विहिरीचं नाही पोरी थे. दारू गाळनाऱ्याचे तांदूळ घेतो आम्ही. जेलात जाऊन आलेल्याचं तेल घेतो. कोनाची जात पाह्यत नाही, कोनाचं पाप पाह्यत नाही."

"मग आमचाच गहू काऊन नाही?"

तोंडातून आईचा शब्द निघाला हे तिचं तिलाच कळलं नाही. चुलीपाशी वरण ढवळणारी सिंधूताई उठून उभी राहिली. "सांग ना तिले चांगुणा. आता कोनाले लपवाचं..."

"सिंधू, वरन पाह्य. लागून राह्यलं."

सिंधूताई खाली बसली.

"नको इचारू," चांगुणाबाई म्हणाल्या. "आशाबाईनं शब्द घेतला हाये माह्यापासून. पोरीच्या कानावर जाऊ देजो नको म्हने."

प्रेरणाला वाटलं, आपल्याला कळलं. आईचा स्वभावच तो. केलेल्याचा गाजावाजा तिला कधी खपला नाही.

"तिला नाव नको असेल तर पाटी लावू नका. मी दीपकला समजावते. पण गहू घ्या. तिने इतकी वर्षं इथे लोकांना जेवू घातलं, तिच्या घरचे चार दाणे इथे लागू द्या. नाहीतर मी इथून उठणार नाही."

चांगुणाबाई उठल्या. त्यांनी मयुरीला आणि सिंधूताईला बाहेर जायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि प्रेरणाच्या समोर येऊन बसल्या.

"रांधाले लागलो तवाच आम्ही साऱ्या बायायनं ठरोलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्या घरच्या मानसाचं पोट आमच्या चुलीवर भरते, त्या घरचा दाना आम्ही घेत नाही."