दाराबाहेरचं बाकडं

बाळ रडलं, तशी उज्ज्वला सिस्टरची नजर सवयीनं खाटेच्या उशाशी वर गेली. तिथं मॉनिटर नव्हता. औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर एक गुटगुटीत बाळ हसत होतं.

तिनं नाळ बांधली, कापली, बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवलं. हात चोख चालले होते. इतकी वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईच्या हाताला कोण नावं ठेवणार? पण आत काही हललं नाही. तिकडं माणसं जाताना बघून बघून मन बधिर झालं, म्हणून तर तिनं हट्टानं लेबर रूम मागून घेतली होती. इथं तरी काही वाटेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. आज तिच्या हातात पहिलं बाळ आलं आणि काहीच वाटलं नाही. इथंही नाही, तर आता कुठली ड्यूटी मागायची?

"जा गं, तूच सांगून ये बाहेर," टाक्यांची तयारी करता करता मोठ्या सिस्टर आशाताई म्हणाल्या. "आपल्याकडचं सगळ्यांत गोड काम हेच."

उज्ज्वला बाहेर आली. आवाज होऊ नये म्हणून तिनं दार हळूच लोटून घेतलं. समोर बाकड्याशी बाळंतिणीची आई सारजाबाई उभी होती. शिनोलीहून आल्यापासून ती टेकली नव्हती. काखेत जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्यांचं गाठोडं होतं. तिचा नवरा म्हस्कू भिंतीला पाठ लावून बसला होता, तो उठला.

"काय झालं वं बाई?"

उज्ज्वलानं मास्क खाली केला. आयसीयूच्या दाराशी उतरायचा तसा आवाज आपोआप उतरला.

"ऋतिकाच्या घरचे तुम्हीच ना? आजी, तुम्ही जरा बसून घ्या."

सारजाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती बाकड्यावर बसली. गाठोडं खाली पडलं, दुपटी फरशीवर पसरली. म्हस्कूनं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"गेली का वं?" सारजाबाईनं विचारलं.

"कोण?" उज्ज्वला म्हणाली आणि मग तिला कळलं, आपण काय केलं ते. "अहो नाही, नाही! मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. बाळ रडलेलं ऐकलंत ना?"

"ल्याकराचं ऐकलं," सारजाबाई म्हणाली. "माझ्या लेकीचं न्हाई आलं ऐकू."

तेवढ्यात आतून ऋतिकाची हाक आली, "आये, च्या मिळंल का गं?"

तेव्हा कुठं सारजाबाईला रडू फुटलं. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती गदगदून रडली. म्हस्कू पागोटं पुन्हा बांधायला लागला, पण पीळ बसेना.

"आसं सांगत्यात व्हय, सिस्टर?" तो म्हणाला. "लई भ्यालो ना आमी."

"चुकलं माझं."

आशाताईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "काय गं हा सुतकी चेहरा! अगं, इथं हसत यायचं असतं," असं म्हणून त्या पुन्हा आत गेल्या. उज्ज्वलानं हसायचा प्रयत्न केला. गाल हलले, तेवढंच. मग ती वाकून दुपटी गोळा करू लागली. एकेक झटकून घडी घालून तिनं ती बाकड्यावर गाठोड्यात ठेवली.

सारजाबाई डोळे पुसून तिच्याकडंच बघत होती. रागानं नव्हे. तिनं उज्ज्वलाचा हात धरला. तिचा हात खरखरीत होता आणि गरम होता.

"बाई, तुमचं कोण गेलं?"

"कुणी नाही, आजी."

"न्हाई कसं? आसं त्वांड उगा व्हत न्हाई."

उज्ज्वला सांगायला गेली. हायवेवर ट्रकखाली आलेलं पोरगं. शुद्धीत आल्यावर बटाट्याचा भाव विचारणारे ते काका. आणि ती, जिनं सकाळी वेणी घालून मागितली होती. एकाचंही नाव तिला आठवेना. खाटांचे नंबर तेवढे आठवत होते, आणि ते काही सांगण्यासारखे नव्हते.

सारजाबाईनं बाकड्यावरचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. शेजारी जागा झाली.

"बाई," ती म्हणाली, "तुमी जरा बसून घ्या."