मेरी आई आई

"तीसरे दिन मेरी आई आई," टीव्हीवरची लता म्हणाली आणि लगेच ढोल वाजला.

लखनौच्या वृंदावन योजनेतल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये शेजारच्या सात-आठ बायका जमल्या होत्या. रविवारची दुपार. खऱ्या लतानं दहीवडे केले होते, इस्त्रीची साडी नेसली होती. चॅनलच्या मुलीनं फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "आंटी, आपका इंटरव्यू हमें बहुत अच्छा लगा, अपने शो में ले रहे हैं." कसला शो ते तिनं सांगितलं नाही आणि लतानं विचारलं नाही. कुणी चांगलं म्हणतंय म्हटल्यावर खोदून काय विचारायचं?

शोचं नाव 'ठहाका चौकी'. दुसऱ्यांच्या कार्यक्रमांतले तुकडे उचलायचे आणि त्यांच्यावर खिंकाळायचं, एवढाच यांचा धंदा. कुणा पुढाऱ्याची कवळी निसटलेली, कुणा बाईचा केक पडलेला. आणि आज जवानांच्या विधवांवरच्या कार्यक्रमातली लता. त्या मुलाखतीत ती अर्धा तास आठवणीनं 'माँ' म्हणत होती. पण नवरा, संग्राम, गेल्याची बातमी आली त्या दिवसापाशी बोलणं पोचलं आणि तिची हिंदी सुटली. "ख़बर आई. साहब लोग आए. मैं रोई नहीं. तीसरे दिन मेरी आई आई."

नेमकं तेवढंच त्यांनी कापून घेतलं होतं. "आई आई!" ढोल. "आई आई!" बकरीचं तोंड. मग पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन शोचा अँकर छाती बडवत आला. "अरे बहनजी, आई तो आई, पर आई कौन? बिजली आई?" समोर बसवलेली माणसं हसून हसून लोळायच्या बेतात. मेल्यानं लिपस्टिक फासली होती, बांगड्या भरल्या होत्या, पण टिकली तेवढी लावली नव्हती. कपाळ कोरं ठेवायचं बरं लक्षात राहिलं.

लताला शिसारी आली. मोरीत तुंबलेल्या खरकट्या पाण्यात हात घालावा लागतो तशी.

मिश्रा भाभींच्या तोंडात दहीवडा होता. त्यांना ठसका लागला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हाय राम, लता भाभी, आप तो छा गईं!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि त्याचीच लताला जास्त किळस आली. पण सगळ्यांत आधी हसलं होतं ते तिच्याच पोटचं. स्वरदा. तेवीस वर्षांची, लखनौत वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. हसू फुटल्यावर तिनं ओठ आवळले, पण हसू काही परत घेता येत नाही.

"मम्मी, बुरा मत मानो यार. ये लोग सबका करते हैं. मज़ाक है."

"तिकडे आजी बघतेय," लता म्हणाली.

स्वरदाचा चेहरा उतरला. आजी कऱ्हाडला होती, ऐंशी वर्षांची. सकाळी लतानंच हौसेनं फोन करून तिला चॅनलचा नंबर सांगितला होता. एकटीनं कधी सातारासुद्धा न गाठलेली ही बाई नऊ वर्षांपूर्वी हिंदीचं एक अक्षर येत नसताना, पत्त्याची चिठ्ठी मुठीत धरून दोन गाड्या बदलून लखनौला आली होती. आली ती थेट स्वयंपाकघरात गेली, मऊ भात केला, लेकीला हातानं भरवला. त्या पहिल्या घासाला लता रडली होती. हे तिनं जन्मात एकदाच, त्या मुलाखतीत सांगितलं होतं. भाताचं त्यांनी दाखवलंच नाही. आता आईला कुणी समजावून सांगितलं, की तुझ्या येण्यावर आख्खा देश दात काढतोय, तर?

फोन वाजला. आईचाच.

"मत उठाओ," स्वरदा म्हणाली. तिनं टीव्ही बंद केला. बायका उगाच बशा गोळा करू लागल्या. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. लतानं उचलला.

आईला ऐकू कमी येई, त्यामुळे ती ओरडूनच बोलायची. फोन कानाला असूनही सगळ्या खोलीला ऐकू जात होतं. कळत होतं ते मात्र फक्त स्वरदाला.

"लते, बघितलं गं! मला वाटलं, इवलंसं दाखवतील. किती वेळा दाखवलं! बाकी काय कळलं नाही, पण 'आई, आई' म्हणत होतीस तेवढं कळलं."

"हो, आई."

"आणि सगळी माणसं हसत का होती गं?"

लतानं स्वरदाकडे पाहिलं. स्वरदा मान खाली घालून रिमोट घट्ट धरून उभी होती.

"तू आलीस म्हणून," लता म्हणाली. "आनंद झाला त्यांना."

"होय?" आई खूश झाली. मग आवाज जरा हळू करून म्हणाली, "आणि ते लुगडं नेसलेलं पोरगं कोण गं? तुझं सोंग घेतलं होतं ना त्यानं? लई छाती बडवून घेत होता बिचारा. मला बघवेना. त्याला निरोप दे माझा. म्हणावं, रडू नको बाळा, तिची आई पोचली होती."